एकटा राक्षस, चार खेळाडू: महाकाय शत्रूची लढाई तोलून कशी मांडावी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्या धाटणीच्या टेबलटॉप खेळात नव्याने डीएमची (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची) जबाबदारी घेतलेल्या बहुतेकांना पहिली मोठी हौस असते ती टेबलावर एखादा प्रचंड राक्षस उतरवण्याची. ही लढाई फसते तेव्हा ती साधारणपणे दोन तऱ्हांनी फसते. एक तर राक्षस दुसऱ्याच राउंडमध्ये (सर्वांच्या पाळ्यांच्या दुसऱ्याच फेरीत) कोसळतो आणि खेळाडू एकमेकांकडे पाहत राहतात, नाही तर त्याच्या एकाच फटक्यात अर्धी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) आडवी होते. दोन्हींचे मूळ एकच आहे. राक्षसाचा आकार आणि त्याचे हिट पॉइंट्स (एचपी, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा) पाहून आपण त्याची ताकद ठरवतो. लढाईचा निकाल मात्र एका राउंडमध्ये कोणाच्या वाट्याला किती कृती येतात आणि एका फटक्यात किती नुकसान होते, या दोन गोष्टींवर ठरतो. या दोन गोष्टी आधी मोजल्या, तर उरलेले काम बरेच सोपे होते.

पुढील सर्व आकडे या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांतील आहेत, कारण अनेक टेबलांवर अजूनही तेच नियम चालतात. २०२४च्या सुधारित नियमांत जिथे महत्त्वाचा फरक आहे, तिथे तो सांगितला आहे. उदाहरण म्हणून पाचव्या लेव्हलची चार जणांची पार्टी आणि एक हिल जायंट घेऊ. हा राक्षस पहिल्या महाकाय शत्रूसाठी उत्तम आहे, कारण तो ‘ह्यूज’ आकाराचा असूनही त्याच्याकडे जादू नाही, उडणे नाही आणि लक्षात ठेवण्यासारखे गुंतागुंतीचे काहीही नाही.

पायरी पहिली: पार्टीचे आकडे कागदावर उतरवा

राक्षसांचे पुस्तक उघडण्याआधी खेळाडूंच्या कॅरेक्टर शीट पाहाव्यात आणि प्रत्येकाचे एचपी, आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा), नेहमीच्या कृतीतून होणारे सरासरी नुकसान आणि सर्वांत कमकुवत सेव्हिंग थ्रो (संकट टाळण्यासाठी टाकायचा फासा, थोडक्यात ‘सेव्ह’) एवढे चारच तपशील टिपून घ्यावेत. आपल्या उदाहरणातील फायटरचे (योद्ध्याचे) एचपी ४९ व एसी १८ आहे. रोग (चोरटा हल्लेखोर) आणि क्लेरिक (देवभक्त मांत्रिक) प्रत्येकी ३८ एचपीचे आहेत. विझर्डचे (जादूगाराचे) एचपी ३२ आणि मेज आर्मर या संरक्षक स्पेलसह (मंत्रासह) एसी १५ आहे. सगळ्यांचे मिळून १५७ एचपी होतात. हा एकूण आकडा दिसायला भक्कम असला, तरी त्यावर फारसे विसंबू नये, कारण राक्षस बेरजेवर वार करत नाही. तो एका वेळी एकावर वार करतो, आणि ३२ हा या पार्टीचा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

पायरी दुसरी: बजेट पाहा, पण तिथे थांबू नका

डीएमसाठीच्या पुस्तकात प्रत्येक लेव्हलसाठी एक्सपीच्या (अनुभव गुणांच्या) मर्यादा दिलेल्या आहेत. पाचव्या लेव्हलच्या एका पात्रासाठी सोपी लढाई २५०, मध्यम ५००, कठीण ७५० आणि प्राणघातक १,१०० एक्सपीपासून सुरू होते. म्हणजे चौघांसाठी अनुक्रमे १,०००, २,०००, ३,००० आणि ४,४००. चॅलेंज रेटिंग (कठीणपणाचा दर्जा) ५ असलेल्या हिल जायंटचे एक्सपी १,८०० आहेत. म्हणजे एकटा हिल जायंट या पार्टीसाठी मध्यम लढाईच्याही खाली राहतो. दोन हिल जायंट उभे केले, तर ३,६०० एक्सपीला दोन शत्रूंसाठीच्या दीडपट गुणकाने गुणावे लागते आणि बेरीज ५,४०० होऊन लढाई थेट प्राणघातक गटात जाते. एका राक्षसाच्या जागी दोन आणल्याने कठीणपणा तिपटीने वाढतो, हे या गणिताचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामागचे कारण पुढच्या पायरीत दिसेल.

हा गुणक काही वेळा गोंधळात टाकतो. समजा हिल जायंटसोबत चार गॉब्लिन आहेत. प्रत्येकी ५० एक्सपी धरून बेरीज २,००० होते. पाच शत्रूंचा गुणक दोन असल्याने ती ४,०००वर जाते, म्हणजे लढाई जवळजवळ प्राणघातक ठरते. परंतु इतरांच्या मानाने फारच दुबळे असलेले शत्रू गुणकासाठी मोजू नयेत, असेही तेच पुस्तक सांगते. तसे केले तर लढाई बरोबर मध्यम ठरते. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ते जागेवर व गॉब्लिनांच्या धनुष्यांवर अवलंबून असते. २०२४च्या नियमांतून हा गुणक काढूनच टाकला आहे. त्यामुळे हिशेब सोपा झाला, पण शत्रूंच्या संख्येचा परिणाम डोक्यात ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे डीएमवर आली. म्हणून बजेटला पहिली चाळणी मानावे, शेवटचा निर्णय मानू नये.

पायरी तिसरी: लढाई आधी कागदावर लढा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नवखे डीएम नेमकी हीच गाळतात. ती करायला दहा मिनिटे आणि साधी भागाकाराची गणिते पुरतात.

पाचव्या लेव्हलच्या पात्रांना हल्ल्यासाठी साधारण +७ मिळतात. हिल जायंटचा एसी अवघा १३ आहे, म्हणून वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा अधिक पडले की वार लागतो. याचा अर्थ चारपैकी तीन वार लागणारच. फायटर ग्रेटसोर्डने दोन वार करतो, प्रत्येकी सरासरी ११, म्हणजे २२. रोगचा स्नीक अटॅकसह वार १८चा होतो. विझर्डची फायर बोल्ट ११ची आणि क्लेरिकची सेक्रेड फ्लेम ९ची. सेक्रेड फ्लेम चुकवण्यासाठी जायंटला डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) सेव्हिंग थ्रो करावा लागतो, आणि त्याचा तिथला बोनस उणे एक असल्याने तिचाही हिशेब चारपैकी तीन असाच येतो. सगळ्यांची बेरीज ६०. तिचे तीन चतुर्थांश म्हणजे ४५. जायंटचे सरासरी एचपी १०५ आहेत. १०५ला ४५ने भागले की २.३ येतात, म्हणजे कोणीही एकही मोठे स्पेल न वापरता तो तिसऱ्या राउंडमध्ये मरतो.

आता हीच पार्टी रात्रभर विश्रांती घेऊन ताजीतवानी आहे आणि दिवसाची ही पहिली लढाई आहे, असे धरा. फायटर अ‍ॅक्शन सर्ज वापरून चार वार करतो, त्याचे सरासरी ३३. विझर्ड फायरबॉल टाकतो, ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) म्हणजे सरासरी २८, आणि जायंटने सेव्ह केला तरी निम्मे, म्हणून सरासरी २४. क्लेरिक गायडिंग बोल्ट मारतो, सरासरी १०. रोगचे १३. पहिल्याच राउंडमध्ये ८० एचपी गेले. जायंटला स्वतःची पाळी एकदा, फार तर दोनदा मिळेल. पाचव्या आवृत्तीचे गणित दिवसभरात सहा ते आठ लढाया होतील असे गृहीत धरून बसवलेले आहे. आपण मात्र एका संध्याकाळच्या खेळात बहुधा एकच मोठी लढाई ठेवतो, आणि खेळाडूंना ते ठाऊक असल्याने ते हातचे राखून काही ठेवत नाहीत.

दुसरी बाजूही तितक्याच काळजीने मोजावी. जायंट एका पाळीत दोनदा सोटा चालवतो, +८ने, आणि प्रत्येक फटका ३डी८+५ म्हणजे सरासरी १८चा असतो. एसी १८च्या फायटरला तो निम्म्याहून थोडा अधिक वेळा लागतो, म्हणून फायटरचे राउंडला साधारण २० एचपी जातात आणि तो दोन राउंड सहज टिकतो. तोच जायंट विझर्डपाशी पोहोचला, तर प्रत्येक फटका लागण्याची शक्यता ७० टक्के आहे. दोन्ही लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे, आणि दोन फटक्यांचे सरासरी नुकसान ३६ होते, म्हणजे विझर्डच्या ३२पेक्षा जास्त. तेव्हा हीच लढाई फायटरपुरती सोपी आणि विझर्डपुरती नाण्याच्या छापा-काट्यासारखी आहे. बजेटच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही.

पायरी चौथी: सर्वांत मोठा फटका तपासा

कोणताही महाकाय राक्षस निवडल्यावर त्याच्या वर्णनातला सर्वांत जास्त नुकसानीचा आकडा शोधावा आणि तो पार्टीतल्या सर्वांत दुबळ्या पात्राच्या पूर्ण एचपीशी ताडून पाहावा. माझा नियम असा आहे की पूर्ण एचपी असलेले पात्र एका साध्या फटक्याने पडू नये. दुसऱ्या फटक्याने पडले तर चालेल. मधल्या त्या एका पाळीत खेळाडूला पळण्याचा, लपण्याचा किंवा मदत मागण्याचा निर्णय घेता येतो, आणि निर्णय घेता येणे हाच या खेळाचा प्राण आहे. हिल जायंट या कसोटीला उतरतो. त्याचा एक फटका जास्तीत जास्त २९चा असतो, विझर्डचे एचपी ३२. फक्त क्रिटिकल हिटमध्ये फासे दुप्पट होऊन सरासरी बरोबर ३२ येते, आणि वीसपैकी एका वेळची ती जोखीम स्वीकारण्यासारखी आहे.

यंग रेड ड्रॅगन याच कसोटीत नापास होतो. ‘यंग’ हा शब्द पाहून पाचव्या लेव्हलच्या पार्टीपुढे त्याला उभे करण्याचा मोह होतो, म्हणून त्याचे आकडे नीट पाहू. त्याची आग ३० फुटांच्या शंकूत पसरते आणि १६डी६, सरासरी ५६ एचपीचे नुकसान करते. सेव्ह करण्यासाठी १७ लागतात, आणि डेक्स्टेरिटीचा बोनस +२ असलेला विझर्ड त्यात ७० टक्के वेळा अपयशी ठरतो. सेव्ह फसलेले पात्र ४९ एचपीचा फायटर असला तरी खाली पडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की एचपी शून्य झाल्यावर उरलेले नुकसान पात्राच्या कमाल एचपीइतके किंवा त्याहून अधिक असेल, तर ते पात्र जागच्या जागी मरते. म्हणजे आधीच जखमी होऊन २४ एचपीवर आलेला आपला विझर्ड सरासरी आगीत ३२ने शून्याखाली जातो आणि डेथ सेव्हची (मरण टाळण्याच्या फाशाची) संधीही न मिळता संपतो. शिवाय ही आग प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ५ किंवा ६ पडल्यास पुन्हा तयार होते, म्हणजे तीनपैकी एकदा. आठव्या लेव्हलला याच पात्रांचे एचपी फायटर ७६, रोग व क्लेरिक ५९ आणि विझर्ड ५० होतात; तिथे हीच आग भयंकर असूनही सोसण्याजोगी आहे, आणि बजेटप्रमाणेही ५,९०० एक्सपीची ही लढाई तेव्हा ‘कठीण’ गटात बसते. ड्रॅगन आणायचाच असेल तर तोपर्यंत थांबणे बरे. थांबणे शक्य नसेल तर आगीचे फासे १६वरून ८ करावेत, पण ते लढाईच्या आदल्या दिवशी ठरवून.

पायरी पाचवी: राक्षसाला एचपी नव्हे, पाळ्या द्या

लढाई लवकर संपते असे दिसले की पहिला विचार एचपी दुप्पट करण्याचा येतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, एकट्याने लढणाऱ्या राक्षसांसाठी ‘सोलो’ असा वेगळा वर्ग होता आणि त्यांना एचपी भरपूर दिलेले होते. परिणाम असा झाला की निकाल स्पष्ट झाल्यावरही लढाया रेंगाळत राहत. त्याच आवृत्तीच्या पुढच्या पुस्तकांत सोलो राक्षसांचे एचपी कमी करण्यात आले आणि राक्षसांच्या फटक्यांचे नुकसान वाढवण्यात आले. तो धडा अजूनही लागू आहे: एचपी वाढवल्याने लढाई लांबते, ती रंगेलच असे नाही.

एकट्या राक्षसाची अवस्था कबड्डीतल्या चढाई करणाऱ्या खेळाडूसारखी असते. तो कितीही ताकदवान असला, तरी एकदा पकडीत सापडला की समोरच्यांची संख्या निर्णायक ठरते. चार खेळाडूंच्या चार कृतींमध्ये राक्षसाची एकच पाळी येते, आणि तिच्या आधी व नंतर तो नुसता मार खात उभा असतो. यावर नियमांतच एक उपाय आहे. अ‍ॅडल्ट रेड ड्रॅगनसारख्या मोठ्या शत्रूंना ‘लेजंडरी अ‍ॅक्शन’ असतात. इतर कोणाची पाळी संपली की तो एक छोटी कृती करतो, राउंडला एकूण तीन. हीच कल्पना लहान प्रमाणात आपल्या जायंटला लावता येते.

हिल जायंटचा सरदार असा बांधावा. त्याचे एचपी १०डी१२+४० या सूत्रातून येतात, म्हणजे ५० ते १६० यांमधला कोणताही आकडा नियमाला धरूनच आहे. आपण १६० घेऊ. आता साध्या वारांनी तो चौथ्या राउंडपर्यंत टिकेल. त्याच्या स्वतःच्या पाळीतले दोन फटके तसेच ठेवावेत. त्याशिवाय दर राउंडला कोणत्याही दोन खेळाडूंच्या पाळ्या संपल्यावर त्याला एकेक जादा कृती द्यावी. ती कृती म्हणजे एक तर अर्ध्या वेगाने चालणे, किंवा जमिनीवर पाय आपटणे, ज्यामुळे दहा फुटांच्या आतले जे स्ट्रेंग्थचा १३चा सेव्ह चुकवतील ते कोसळतात, किंवा हाताला लागेल ती वस्तू, पिंप, फांदी, मेलेला गॉब्लिन, एखाद्यावर भिरकावणे, ज्याचे नुकसान १डी८+५ एवढेच. या तीनपैकी दोन कृतींत नुकसान नाहीच, हे मुद्दाम आहे. जायंट सतत हालचाल करतो, खेळाडूंची मांडणी मोडतो आणि त्यांना दर पाळीला नवा प्रश्न सोडवायला लावतो, पण विझर्डच्या ३२ एचपींचा हिशेब फार बिघडत नाही.

एवढेही नको असेल, तर सोबत दोन-चार किरकोळ साथीदार द्यावेत. ७ एचपीचा गॉब्लिन एका फायरबॉलमध्ये जातो, पण तो फायरबॉल टाकण्याची वेळ आणि जागा खेळाडूला विचारपूर्वक निवडावी लागते. त्याच्या एका बाणाने विझर्डला कन्सन्ट्रेशन (चालू स्पेलवरचे लक्ष) टिकवण्यासाठी किमान १०चा सेव्ह करावा लागतो, तोही फायदाच.

पायरी सहावी: आकार नकाशावर दिसू द्या

पाचव्या आवृत्तीत आकाराचे परिणाम प्रामुख्याने जागेत आहेत. जुन्या काळी ते शस्त्रातही होते. १९७८च्या नियमांत लाँगसोर्ड मोठ्या शत्रूवर १डी८ ऐवजी १डी१२ नुकसान करत असे. आज आकारामुळे राक्षसाच्या हिट डाइसचा (एचपी ठरवणाऱ्या फाशांचा) प्रकार बदलतो, ह्यूजसाठी डी१२ आणि गार्गँटुअनसाठी डी२०, आणि तो किती चौकोन अडवतो ते बदलते. नवख्या डीएमच्या टेबलावर मात्र बरेचदा जायंट एका मोकळ्या मैदानात मधोमध उभा असतो आणि चौघे त्याला घेरून फासे टाकत राहतात. तिथे तो फक्त जास्त एचपीचा माणूस ठरतो.

हिल जायंट पाच फुटांच्या चौकोनांवर तीन बाय तीन जागा व्यापतो. त्याच्या सोट्याची पोच दहा फुटांची आहे, म्हणून तो उभ्या जागेवरून सात बाय सात चौकोनांवर हुकमत ठेवतो. त्या पोचीच्या आत शिरताना किंवा फिरताना जादा वार बसत नाही. बाहेर पडताना बसतो. म्हणजे एकदा जवळ गेलेल्या फायटरला परत फिरणे महाग पडते. त्याउलट मध्यम आकाराचे पात्र आपल्याहून दोन आकारांनी मोठ्या प्राण्याच्या जागेतून आरपार जाऊ शकते, फक्त तिथे चाल दुप्पट खर्च होते आणि तिथेच थांबता येत नाही. जायंटच्या दोन पायांमधून पलीकडे निसटण्याची परवानगी नियमच देतात, पण नवख्या खेळाडूंना ते माहीत नसते. ते त्यांना लढाईआधी सांगावे. एक आकार मोठ्याच्या पलीकडे कोणालाही ग्रॅपल करता (पकडून धरता) येत नाही, पण महाकाय प्राण्याच्या अंगावर चढण्यासाठी डीएमच्या पुस्तकात स्वतंत्र ऐच्छिक नियम आहे: अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सची त्याच्या अ‍ॅक्रोबॅटिक्सशी चढाओढ जिंकली की पात्र त्याला बिलगते आणि त्याच्यावरच्या वारांना दोन फासे टाकून मोठा घेण्याची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज मिळते. डेक्स्टेरिटी ८ असलेल्या जायंटविरुद्ध हा डाव चांगलाच साधतो. तो साधू द्यावा.

नकाशावर निदान तीन गोष्टी असाव्यात. जायंटचे दगड ६० फुटांपर्यंत सहज आणि २४० फुटांपर्यंत अडचणीने पोहोचतात व सरासरी २१चे नुकसान करतात, म्हणून आडोसा हवाच. अर्धा आडोसा एसीत दोनची आणि तीन चतुर्थांश आडोसा पाचची भर घालतो. दुसरी गोष्ट म्हणजे दहा फूट रुंदीची एखादी खिंड किंवा दरवाजा. ह्यूज प्राणी तिथे अंग चोरून शिरू शकतो, पण अडकलेल्या अवस्थेत त्याच्या वारांना दोन फाशांतला लहान धरायला लावणारे डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि त्याच्यावरच्या वारांना अ‍ॅडव्हान्टेज मिळते. खेळाडूंनी त्याला तिथे ओढून नेले, तर ती त्यांची कमाई आहे. तिसरी गोष्ट म्हणजे मोडता येण्यासारखे काहीतरी, उदाहरणार्थ पहारेकऱ्यांचा लाकडी मनोरा. अंतराचाही विचार करावा. दोनशे फुटांवरून लढाई सुरू झाली तर लाँगबोवाल्या पार्टीला दोन-तीन राउंड फुकट मिळतात, आणि चाळीस फुटांवरून सुरू झाली तर जायंट पहिल्याच पाळीत विझर्डच्या अंगावर असतो.

आकाराने मोठा म्हणजे सुरक्षित नव्हे, याचे ठळक उदाहरण २०१४च्या नियमांतला टॅरास्क हा राक्षस आहे. चॅलेंज रेटिंग ३०, एचपी ६७६, एसी २५. पण त्याला उडता येत नाही आणि दुरून मारण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही. उडू शकणारे आणि हवेतून सेक्रेड फ्लेमसारखे सेव्ह मागणारे स्पेल टाकत राहणारे एखादे पात्रही त्याला धिम्या गतीने संपवू शकते. तेव्हा राक्षस निवडताना तो हवेत आणि दूरवर काय करू शकतो, हे आधी विचारावे.

पायरी सातवी: एका स्पेलमध्ये संपणारी लढाई

हिल जायंटची इंटेलिजन्स ५ आहे. हिडिअस लाफ्टर हे पहिल्या लेव्हलचे स्पेल इंटेलिजन्स ४ किंवा कमी असलेल्यांवर चालत नाही. म्हणजे हिल जायंटवर ते अगदी काठावरून चालते. त्याच्या विस्डमचा बोनस उणे एक, स्पेलचा आकडा १५, म्हणून चारपैकी तीन वेळा १६० एचपीचा सरदार हसत हसत जमिनीवर लोळतो आणि काहीच करू शकत नाही. मार बसला की त्याला पुन्हा सेव्ह करता येतो, पण तोवर त्याची एखादी पाळी वाया गेलेली असू शकते. तिसऱ्या लेव्हलचे हिप्नॉटिक पॅटर्नही त्याच सेव्हवर चालते.

मोठ्या राक्षसांना यासाठी ‘लेजंडरी रेझिस्टन्स’ असतो, ज्यामुळे दिवसातून तीनदा फसलेला सेव्ह यशस्वी मानता येतो. पण खेळाडूच्या दृष्टीने तो कोरडा नकार असतो. त्याची पाळी आणि स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) दोन्ही वाया जातात. त्याऐवजी सरदाराने स्पेल झुगारण्याची किंमत मोजावी, हे मला अधिक न्याय्य वाटते. तो स्वतःवर २० एचपीचे नुकसान ओढवून घेऊन आणि त्या राउंडच्या दोन्ही जादा कृती गमावून, लढाईत फक्त एकदा, असा परिणाम तोडू शकतो. जायंट स्वतःच्याच डोक्यात सोटा हाणून भानावर येतो, असे वर्णन केले की खेळाडूला आपल्या स्पेलने काय साधले ते दिसते. दुसऱ्यांदा तेच स्पेल लागले, तर लागू द्यावे.

पायरी आठवी: इशारा आणि वाट

खेळाडूंना मिळालेली माहितीही तोलाचाच भाग आहे. लढाईआधी मोडलेल्या गाड्या आणि मुळासकट उपटलेली झाडे दाखवावीत, आणि शक्य असल्यास जायंटचा पहिला फटका पात्राऐवजी एखाद्या भिंतीवर पडू द्यावा व त्याचे फासे उघड्यावर टाकावेत. टेबलावर तीन डी८ पडलेले पाहिले की विझर्डचा खेळाडू आपसूक मागे सरकतो. पळण्याची वाटही नकाशावर आधीपासून असावी. जायंटचा वेग ४० आणि माणसाचा ३० फूट असल्याने नुसते धावून कोणी सुटत नाही, म्हणून अरुंद घळ, नदी किंवा घोडे यांपैकी काहीतरी हवे. जायंटलाही वाट द्यावी. १९८१च्या नियमांत प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा आकडा असे आणि दोन डी६ टाकून तो पळतो का ते ठरत असे. त्या धर्तीवर आपला सरदार ४० एचपीखाली आला की माघार घेईल, हे आधीच लिहून ठेवावे.

पायरी नववी: प्रत्यक्ष टेबलावर

लढाई सुरू झाल्यावर फासे बदलू नयेत आणि एचपी गुपचूप वाढवू-घटवू नयेत. खेळाडूंना ते उशिरा का होईना कळते, आणि कळल्यावर त्यांच्या पुढच्या प्रत्येक विजयाची किंमत कमी होते. राक्षसाचे निर्णय मात्र पूर्णपणे डीएमच्या हातात असतात, आणि तोल सावरायला ते पुरेसे आहेत. मंदबुद्धीचा हिल जायंट ज्याने शेवटचा वार केला त्याच्यामागे धावतो, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. विझर्ड अडचणीत आला असेल तर हाच स्वभाव त्याला वाचवतो. पार्टी फारच वरचढ ठरत असेल तर राखून ठेवलेले दोन गॉब्लिन तिसऱ्या राउंडमध्ये येतात, पण त्यांचा उल्लेख आधीच्या वर्णनात झालेला असावा.

लढाई संपल्यावर एकूण किती राउंड झाले आणि पार्टीने प्रत्येक राउंडला प्रत्यक्ष किती नुकसान केले, ते वहीत लिहावे. कागदावरचा ४५चा अंदाज टेबलावर ३८ निघाला, तर १६० एचपीचा राक्षस या पार्टीपुढे पाचव्या राउंडपर्यंत रेटून नेईल, आणि पुढचा तसाच शत्रू १५०च्या आत ठेवावा लागेल. तोच आकडा ५५ निघाला, तर एचपीला हात न लावता त्याला राउंडला आणखी एक कृती द्यावी.